मीर चढलाय

"सरका! सरका! ओ काका, पाय आत घ्या!"

ऑपरेशन थिएटरचं दार खांद्यानं ढकलून सुसाटताई बाहेर पडली ती पळतच. हातात बर्फाचा डबा, डब्यात दोन बारक्या नळ्या. एका नळीत कुणाच्या तरी आतड्यातल्या गाठीचा तुकडा, वाटाण्याएवढा. दुसरीत त्याच आतड्याचा, पण गाठीपासून लांबचा चांगला तुकडा. समोर लिफ्ट उघडी होती, आत माणूस बटण दाबून वाट बघत होता. ताईनं तिकडे ढुंकून पाहिलं नाही. जिना धरला आणि दोन-दोन पायऱ्या उतरत सुटली.

"काय ताई," खालचा वॉचमन ओरडला, "सख्खा भाऊ लिफ्टचा मेकॅनिक, आणि तुम्ही जिना झिजवता!"

"भावावर भरवसा आहे रे! ही लिफ्ट त्यानं कुठं बसवलीय?"

तळघरात प्रयोगशाळा. तिथं क्षणात गोठवणाऱ्या पातळ नायट्रोजनचं पिंप. झाकण काढलं की पांढरा धूर फरशीवर सांडतो आणि पावलं दिसेनाशी होतात. ताईनं चिमट्यानं नळ्या आत सोडल्या. चर्र झालं. तेव्हा कुठं तिनं श्वास घेतला.

एवढं पळायचं कशाला, असं लोक विचारायचे. माणूस तर वर झोपलाय, तुकडा काय पळून जाणार आहे? पण गोष्ट अशी आहे की तुकडा माणसापासून तुटला म्हणून लगेच गप्प बसत नाही. आतल्या पेशींची घाबरगुंडी उडते. आत फिरणारे निरोप तुटायला लागतात, नको ते नवे सुटतात. प्रयोगशाळेच्या मॅडमना हवं असायचं गाठीचं खरं तोंड, घाबरून पांढरं पडलेलं नाही. म्हणून पळायचं. आणि पळण्यात सुसाटताईचा हात धरणारं त्या इमारतीत कुणी नव्हतं. पाय धरणारं म्हणा हवं तर.

मॅडम तिथल्या मुख्य संशोधक. बोलायला मऊ, कामाला कडक. आतड्याचा कॅन्सर होतो कसा, आणि होताना मायक्रोआरएनए काय करतात, हा त्यांचा विषय. नाव केवढं, वस्तू एवढीशी. पेशीच्या आत असतात, आणि त्यांचं काम एकच: दुसऱ्याचं तोंड दाबणं. पेशीत एक निरोप निघतो, अमुक बनवा, तमुक बनवा. हे मधे जाऊन त्याला गप्प करतात. चांगल्या पेशीत ते बरोबर निरोपाला गप्प करतात, गाठीत भलत्यालाच. एवढं मोठं नाव रोज कोण घेणार? कागदावर त्याचं जे आखूड नाव लिहितात ते प्रयोगशाळेत सगळे 'मीर' असंच म्हणत. पुढं नंबर. मीर एकवीस, मीर एकशे त्रेचाळीस. आईबापांना नावं सुचली नाहीत म्हणून पोरांना नंबर घातल्यासारखं. त्यातला एकवीस हा वांड. आतड्याच्या गाठीत तो बऱ्याचदा वाढलेला सापडतो. "मीर चढलाय" म्हटलं की तो एकवीसच, हे सांगावं लागायचं नाही.

ताई काही शिकून तिथं आली नव्हती. आधी ती त्याच हॉस्पिटलच्या धोबीखान्यात होती. नवरा होता, गेला. म्हणजे मेला नाही, दुसरीकडे गेला. ज्या दिवशी गेला त्या दिवशी दादा, तिचा मोठा भाऊ, हत्यारांची पिशवी घेऊन आला. दाराचं कुलूप काढलं, नवीन बसवलं, किल्ली तिच्या हातात दिली आणि म्हणाला, "चहा टाक." ताईच्या लेखी तिथं विषय संपला. त्यानंतर कुणी दादाबद्दल वाकडं बोललं तर ताई त्याची खैर ठेवायची नाही. वहिनी बोलली तरी नाही. खरं तर वहिनीशी तिचं पहिलं भांडण झालं ते दादाच्या घोरण्यावरून.

आणि अशा दादाला रक्त जात होतं.

हे कळलं वहिनीच्या फोनवर. "ताई, तुम्हाला सांगू नको म्हणालेत. पण मला राहवत नाही. संडासातून रक्त पडतंय. बरेच दिवस झाले असणार. पँट ढगळ व्हायला लागलीय, पट्ट्याला नवीन भोक पाडून घेतलं त्यांनी."

ताईनं फोन ठेवला आणि तशीच निघाली. दादाचं काम एका जुन्या इमारतीत चालू होतं. तळमजल्यावर लिफ्टचं दार काढून ठेवलेलं, आणि दारात दादाचा जोडीदार केबल गुंडाळत बसलेला. ह्याला सगळे नटबोल्ट म्हणत. काटकुळा, अंगात कुठं हाड कुठं मास पत्ता लागत नाही, पण दादासोबत इतकी वर्षं काम करतोय की एकानं हात पुढं केला तर दुसरा न विचारता पाना ठेवतो.

"वस्ताद वर आहेत," नटबोल्ट म्हणाला. "पिंजऱ्याच्या टपावर."

ताईनं शाफ्टात डोकं घातलं. "दादा!"

"काय गं?" वरून आवाज घुमत आला.

"रक्त कधीपासून जातंय?"

शाफ्टात बोललेलं सगळ्या मजल्यांना ऐकू जातं. रक्त, रक्त, रक्त करत आवाज वर चढला. कुठल्यातरी मजल्यावर एक दार उघडलं.

"हळू बोल की!"

"मग खाली ये."

"काम चालू आहे!"

"मग इथूनच विचारते. संडासाला बसल्यावर..."

दादा खाली आला. इतक्या पटकन तो कधी खाली आला नव्हता, नटबोल्ट शपथेवर सांगतो. हाताला ग्रीस, कान लाल.

"मूळव्याध आहे," दादा म्हणाला. "सगळ्यांना होते. बसून काम करणाऱ्यांना होतेच."

"तू आयुष्यात कधी बसलायस?"

"होईल बरं."

"आमच्याकडे चल. कॅमेरा आत घालून बघतात. झोपेचं औषध देतात, कळतसुद्धा नाही."

"कुठून आत?"

ताई नुसती बघत राहिली.

"हॅट!" दादा म्हणाला. "जमणार नाही."

"जन्मभर लोकांच्या शाफ्टात टॉर्च मारत फिरतोस. तुझ्यात एकदा कुणी मारला तर काय बिघडलं?"

नटबोल्टला असा ठसका लागला की केबलचं वेटोळं हातातून सुटलं. दादा मात्र हसला नाही. "लिफ्टला लाज नसते," म्हणाला आणि परत वर जायला वळला.

आता ह्या माणसाचा एक स्वभाव होता. घरच्याचं ऐकायचं नाही. बायको सांगेल, बहीण सांगेल, ह्या कानानं घ्यायचं, त्या कानानं सोडायचं. पण कुणी परका, जरा वजनदार माणूस म्हणाला की लगेच 'हो साहेब'. ताईला हे माहीत होतं, पण त्या दिवशी ते तिच्या डोक्यात नव्हतं. ती आपली जे सुचेल ते बोलत होती.

"बरं, कॅमेरा राहू दे. आमच्याकडे अभ्यास चाललाय, तिथं नमुना दे. डब्यात शी द्यायची, बस. त्यात मीर बघतात."

दादा थांबला. "मीर कोण?"

ताईनं तोंड उघडायच्या आत नटबोल्टच बोलला. "मोठा डॉक्टर असणार वस्ताद. माणसाला हात न लावता नुसत्या डब्यावरून ओळखतो म्हणजे मोठाच."

"डब्यावरून?"

"हां."

दादाचा चेहरा जरासा सैल झाला. ताईनं ते पाहिलं, आणि सांगायला उघडलेलं तोंड तसंच मिटलं.

"मीर फार कडक आहे," ती म्हणाली. "कुणाचं ऐकत नाही."

"डबा दे मग," दादा म्हणाला. "पण तू उघडायचा नाहीस. त्या मीरनंच उघडायचा."

मॅडमचा अभ्यास खराच चालू होता. धडधाकट आणि आजारी, दोन्ही प्रकारच्या माणसांची शी गोळा करायची, त्यात मीर किती सापडतो ते मोजायचं, आणि पुढंमागं नुसत्या डब्यावरून गाठ ओळखता येईल का ते बघायचं. अजून बघायचंच होतं, ठरलेलं काहीच नव्हतं. म्हणून नमुना देणाऱ्याला निकाल सांगायचा नाही, असा नियम. डब्यावर नावही नाही, फक्त नंबर. दादानं रीतसर सही केली. नंबर चिकटवला ताईनंच.

डबा आला तो नटबोल्टच्या हातून. जाडजूड पिशवीत, वर आणखी एक पिशवी, तिला तारेची गाठ. नटबोल्ट घामानं निथळत होता.

"वस्तादांनी दिलाय."

"एवढा घाम कशाला?"

"जिन्यानं आलो ताई. तुमची सवय लागली."

ताई हसली. डबा आत गेला.

मग ताईनं एक गोष्ट केली जी करायची नसते. एका दुपारी रिकाम्या नळ्यांचा रॅक ठेवायला ती यंत्राच्या खोलीत गेली. कुणी नव्हतं. पडदा उघडाच होता. डावीकडे नंबर, उजवीकडे मीर एकवीसचे आकडे. तिची नजर दादाच्या नंबरावर गेली आणि तिथंच चिकटली. त्याच्यासमोरचा आकडा सगळ्यांत मोठा होता. वर मोठा नाही, खाली मोठा नाही. हाच.

त्या संध्याकाळी दादाच्या घरी सगळे जेवायला बसलेले. दादा, वहिनी, आणि नटबोल्ट, कारण नटबोल्ट तिथंच जेवायचा, त्याच्या घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. ताई चपला न काढता आत आली.

"दादा, मीर चढलाय."

नटबोल्टच्या हातातला चमचा ताटात पडला.

"किती?" दादानं विचारलं.

"सगळ्यांत वर."

"मीर चुकत नाही ना ताई?" हे नटबोल्टनं विचारलं. दादानं नाही. नटबोल्टचा चेहरा चुन्यासारखा झालेला.

"आमच्या मीरला चुकीचं म्हणणारा अजून जन्मायचाय."

नटबोल्ट घटाघटा पाणी प्यायला, उठला, 'जरा बाहेर जातो' म्हणाला आणि गेला तो परत आलाच नाही. अर्धं ताट तसंच. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा, किती जीव आहे ह्याचा ह्यांच्यावर."

दादानं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "मीरसाहेब काय म्हणतात, पुढं काय करायचं?"

"कॅमेरा."

"त्यांनी स्वतः सांगितलं?"

"स्वतः."

"मग घे तारीख."

एवढं सोपं. जे बायकोच्या रडण्यानं झालं नाही, बहिणीच्या ओरडण्यानं झालं नाही, ते मीरच्या एका शब्दानं झालं. ताईला रागही आला आणि हसूही. पण तारीख मिळाली.

दुसऱ्या दिवसापासून नटबोल्ट कामावरून गायब. मेहुणा आजारी आहे, असा निरोप. दादा चिडला. "माझ्यावर ही वेळ, आणि ह्याच्या मेहुण्याला आत्ताच आजारी पडायचं होतं."

कॅमेऱ्याच्या आदल्या दिवशी ताई मॅडमकडे सुट्टी मागायला गेली.

"उद्या येत नाही मॅडम. भावाचा कॅमेरा आहे. मीर चढलाय ना त्याचा."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

आता लपवून उपयोग नव्हता. ताईनं सगळं सांगितलं. पडदा, नंबर, आकडा. मॅडम उठल्या, यंत्राच्या खोलीत गेल्या, ताई मागोमाग. त्यांनी तेच पान उघडलं.

"हा आकडा?"

"हाच. सगळ्यांत मोठा."

"ताई, हे यंत्र मीर थेट मोजत नाही. नमुन्यात जो काही मीर असेल त्याच्या नकला करत जातं. एका फेरीत दुप्पट, दुसऱ्या फेरीत त्याच्या दुप्पट, असं नजरेत येईपर्यंत. किती फेऱ्या माराव्या लागल्या, तो हा आकडा. मीर भरपूर असेल तर थोड्याच फेऱ्यांत दिसतो. नसल्यात जमा असेल तर यंत्राला फेऱ्या मारत बसावं लागतं."

ताईला कळायला जरा वेळ लागला. "म्हणजे आकडा मोठा..."

"म्हणजे मीर कमी."

"दादाचा..."

"ह्या नमुन्यात तर सगळ्यांत कमी आहे."

ताई तिथल्या स्टुलावर बसली. इतकी वर्षं त्या खोलीत ये-जा केली, आणि आकडा वाचला तो उलटा. पण एका बाजूनं तिच्या छातीवरचा दगड उतरला. मीर नाही. दादा मोकळा.

मॅडमनी तिचा चेहरा वाचला. "नाही ताई. असं समजू नका. ह्या डब्यावरून गाठ आहे असं म्हणता येत नाही, तसं गाठ नाही असंही म्हणता येत नाही. म्हणून तर निकाल सांगायचा नसतो. तुम्ही उलटं वाचलंत म्हणून भाऊ तपासायला निघालाय. सुलटं वाचून तुम्ही त्याला घरी बसवलं असतंत तर?"

ताई स्टुलावरून उठली.

"रक्त जातंय ना? वजन उतरलंय ना? मग कॅमेरा. त्याला मीर लागतच नव्हता."

"पण मॅडम, तो मीरसाठीच येतोय."

हे काय प्रकरण, ते मॅडमना कळलं नाही, आणि ताईला सांगत बसायला वेळ नव्हता, कारण तेवढ्यात फोन वाजला. दादा होता. पोट साफ करायचं औषध चालू केलं होतं.

"अगं हे औषध आहे की शिक्षा? इमारतीच्या टाक्या धुतात तसा धुतला जातोय मी. आणि चव! मशीनचं तेल बरं." मागून वहिनीचा हसण्याचा आवाज. "ऐक ना. त्या मीरसाहेबांना विचार, अर्धी बाटली राहिलीय, नाही प्यायली तर चालेल का?"

खरं वाक्य ताईच्या जिभेवर आलेलं. दादा, मीर चढलेला नाही, मी चुकले. ही मीरची गोष्ट सोडली तर बहीण म्हणून ती त्याच्याशी कधी खोटं बोलली नव्हती. नवऱ्याचंसुद्धा सगळं खरं खरं सांगितलं होतं. पण हे एवढं वाक्य बोलली की काय होईल तेही तिला स्वच्छ दिसत होतं. बाटली मोरीत, दादा कामावर, आणि पुन्हा कुणी त्याला आणून दाखवावं. रक्त मात्र चालूच.

"मीर म्हणतो," ती म्हणाली, "बाटली उपडी करून दाखवायची. एक थेंब गळता कामा नये."

"कडक आहे बुवा," दादा म्हणाला आणि प्यायला.

सकाळी हॉस्पिटलात मागं बांधायच्या नाड्यांचा झगा घालून दादा पलंगावर बसला तेव्हा त्याचा धीर सुटला. एवढा पिंजऱ्याच्या टपावर उभा राहणारा माणूस, आणि झग्याच्या नाड्या मुठीत घट्ट धरून बसलेला. नर्स न्यायला आली.

"थांबा," दादा म्हणाला. ताईकडे वळला. "मीर खरंच चढलाय ना? माझी शप्पथ घेऊन सांग."

नर्स बघतेय. वहिनी बघतेय. ताई दादाची खोटी शप्पथ घेणार नव्हती, जीव गेला तरी.

"तुझी शप्पथ घेऊन सांगते," ती म्हणाली, "आज तू ह्या दारातून आत गेला नाहीस ना, तर परत तुझ्या दारात मी पाऊल टाकणार नाही. मेले तरी टाकणार नाही. तूच बसवलेलं कुलूप आहे माझ्या दाराला, आतून लावून घेईन."

दादानं काय विचारलं होतं आणि काय उत्तर मिळालं, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. त्याला दिसलं एवढंच की बहिणीची हनुवटी थरथरतेय. तसं त्यानं आधी कधी पाहिलं नव्हतं.

"बरं बरं, रडू नको," तो म्हणाला आणि नर्सच्या मागं गेला.

गाठ होती. डाव्या बाजूला, आतड्याच्या वळणाशी. कॅमेरावाल्या डॉक्टरांनी वहिनी आणि ताई दोघींना बसवून चित्र दाखवलं. लहान आहे, म्हणाले, फार खोल गेलेली दिसत नाही, काढून टाकू. आणखी वर्षभर मूळव्याध म्हणत काढलं असतं तर माझं बोलणं वेगळं असतं. वहिनी रडली. ताई रडली नाही. तिनं डॉक्टरांना विचारलं, कधी काढताय, आणि तारीख मिळेपर्यंत खुर्चीवरून उठली नाही.

ऑपरेशनच्या दिवशी एक भांडण झालं. दादानं गाठीचा तुकडा अभ्यासासाठी द्यायला सही केली होती, आणि ताईचं म्हणणं, डबा मीच नेणार.

"नातेवाइकांना नाही जमत," मॅडम म्हणाल्या. "नियम आहे. आज तुम्ही बहीण आहात. बाहेर बसा."

तर ताई बाहेर. वहिनीशेजारी, बाकावर. त्यांच्या पलीकडे नटबोल्ट, मेहुण्याकडून परत आलेला, डोळे खोल गेलेले. थिएटरचं दार उघडलं आणि मॅडमचा एक विद्यार्थी डबा घेऊन बाहेर आला. उंच, लांब टांगांचा, पण चालायचा असा की जणू हातात काचेचं सामान आहे. टक. टक. टक. तो लिफ्टसमोर जाऊन उभा राहिला आणि त्यानं बटण दाबलं.

ताईनं बाकाची कड धरली. एक क्षण गेला. लिफ्ट वरच कुठंतरी अडकलेली.

"अरे पळ की मेल्या!"

अख्खा पॅसेज वळला. विद्यार्थी दचकला, आणि जो जिन्याकडे सुटला तो थेट तळघरात. नंतर मॅडम म्हणाल्या, त्या दिवशीचे तुकडे फार सुंदर गोठले होते.

दादा शुद्धीवर आला, दोन दिवसांनी उठून बसायला लागला. मॅडम त्याला भेटायला आल्या. दादानं त्यांना नमस्कार केला आणि त्यांच्या मागं दाराकडे बघितलं.

"मीरसाहेब नाही आले?"

मॅडमनी ताईकडे पाहिलं. ताई खिडकीतून बाहेर बघायला लागली. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं, समोर भिंत होती.

मग मॅडमनी स्टूल ओढलं आणि दादाला सांगितलं की मीर हा माणूस नाही. "लिफ्टला ब्रेक असतो ना? वरून हुकूम आला की तो लागतो."

"हो. वीज गेली तरी लागतो."

"पेशीलाही ब्रेक असतात. आता बस, आणखी वाढू नको, किंवा तू बिघडलीस, मर आता, असं सांगणारे. ते बनवायचा निरोप पेशीच्या आतूनच निघतो. हा मीर एकवीस काय करतो, त्या निरोपाचं तोंड दाबतो. निरोप निघाला, पण ब्रेक बनलाच नाही. असे दुसरे मीर आहेत जे वाढीच्या निरोपांना गप्प करतात, ते गाठीत कमी होतात. म्हणजे एकीकडे ब्रेक लागत नाही, दुसरीकडे मोटार सुटलेली."

दादा म्हणाला, "म्हणजे ब्रेक चांगला आहे, वायर चांगली आहे, आणि मधे कुणीतरी नुसता हात धरून बसलाय."

"तसंच काहीसं. एकटा तोच नसतो, पण त्यातला एक."

"आणि माझी बहीण त्याला साहेब म्हणत होती."

"साहेब तू म्हणालास!" ताई म्हणाली. "मी फक्त मीर म्हटलं."

दादा हसायला लागला. टाके दुखले म्हणून पोट धरलं, तरी हसायचा थांबेना. वहिनी ओरडली, नर्स धावत आली, ती ताईवरच ओरडली. मग ताईनं तिथंच, नर्ससमोर, आकडा उलटा वाचल्याचंही सांगून टाकलं. दादानं ऐकून घेतलं, डोळे पुसले. "चुकलीस ते बरं झालं," म्हणाला. "पण परत माझ्या शीत नाक खुपसू नकोस."

पुढच्या तपासण्यांत गाठ बाहेर कुठं पसरलेली निघाली नाही. दादा महिनाभर घरी बसला, बायकोचं डोकं खाल्लं आणि परत टपावर चढला. आता तो प्रत्येक नव्या बिल्डिंगमध्ये वॉचमनला बाजूला घेऊन विचारतो, "रक्तबिक्त जात नाही ना?" लोकांना वाटतं, मेकॅनिक येडा आहे.

मॅडमना मात्र एक गोष्ट कळत नव्हती. दादाच्या गाठीत मीर एकवीस चढलेला होता, शेजारच्या चांगल्या आतड्याच्या कितीतरी पट. मग डब्यात तो एवढा कमी कसा? असं होतं कधीकधी, त्या म्हणाल्या, लहान गाठ असते, सगळंच शीमध्ये उतरत नाही. तरी त्या डोकं खाजवत राहिल्या. एवढा कमी?

हे कोडं सुटलं ते पुढच्या उन्हाळ्यात, आणि मॅडमकडून नाही. ताई दादाचा जेवणाचा डबा द्यायला कामावर गेली होती. दादा वर होता. खाली नटबोल्ट एकटाच. ताईनं सहज सांगितलं की मॅडमचं असं असं अडलंय. नटबोल्ट हातातला पाना पुसत राहिला. पुसून झालेला पाना परत पुसला.

"ताई, वस्तादांना सांगणार नाही ना?"

दादानं दिलेला डबा नटबोल्टनं त्या दिवशी मशीनरूमच्या कट्ट्यावर ठेवला होता. मोटारीच्या धक्क्यानं तो सरकला आणि शाफ्टात पडला, पार तळाशी, झाकण उडून ग्रीसमध्ये. वस्ताद पुन्हा काही देणार नाहीत, आणि ताई जिवंत सोडणार नाही, अशा दुहेरी भीतीनं नटबोल्टनं डबा धुतला आणि स्वतःच भरला. त्या जेवणाच्या वेळी 'मीर चढलाय' ऐकलं तेव्हा त्याला कळलं ते एवढंच की मरायला आपण लागलोय. मेहुणा वगैरे कुणी आजारी नव्हता. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका हॉस्पिटलात, कुणालाही न सांगता, नटबोल्ट दादाच्या आधी कॅमेरा घालून आला होता, आणि तिथल्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं की आत सगळं स्वच्छ आहे.